ऐनाचे चार टेकू

लाकूड हातात आलं की मिस्त्री ते आधी गालाला लावत. फळी असो, बल्ली असो, नाहीतर चौकटीचा ठोकळा; डोळे मिटायचे, गाल टेकवायचा आणि क्षणभर तसंच थांबायचं. ओलं लाकूड गालाला गार लागतं. मग डोळे उघडून ते निकाल द्यायचे. "झालंय, घ्या." नाहीतर, "पाणी हाय अजून."

मंचरच्या वखारीत मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. मी तेवीस वर्षांचा होतो. बांधकामाचा डिप्लोमा करून एका ठेकेदाराकडे साईट सुपरवायझर म्हणून नुकताच लागलो होतो. लाकडातलं पाणी मोजायचं यंत्र मिळतं, त्यावर टक्के दिसतात, असं मी त्यांना ऐकवलं. मिस्त्रींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि वखारवाल्याला म्हणाले, "ह्या पावण्यांत पन पाणी हाय अजून."

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आपल्या कामातली एकच पट्टी त्याला ठाऊक असते आणि साऱ्या जगाला तो तीच लावतो. नव्या सरपंचाचं भाषण ऐकून आले की मिस्त्री म्हणत, "पाणी हाय." पुतण्याच्या लग्नात नवरदेव जास्तच मिरवायला लागला, तेव्हा ते जेवणाच्या पंगतीत माझ्या कानाशी लागून म्हणाले, "वाळल हळूहळू."

त्यांचं मुख्य काम सेंट्रिंगचं. स्लॅब ओतायच्या आधी खाली फळ्यांचा साचा बांधायचा, तो बल्ल्यांच्या टेकूंवर उभा करायचा आणि सिमेंट घट्ट झालं की सगळं सोडवून न्यायचं. "आपलं काम कुनाला दिसत न्हाई राव," ते म्हणत. "दिसलं तर समजायचं, काय तरी चुकलं."

सेंट्रिंग नसेल तेव्हा ते दारं करत. दाराची ऑर्डर घेऊन कुणी आलं की त्यांचा पहिला प्रश्न असे, "बसवायचं कुठल्या महिन्यात?" उन्हाळ्यात बसवायचं असेल तर ते चौकटीत जरा फट ठेवत. गिऱ्हाईक कुरकुरलं की समजावून सांगत, "लाकूड उंचीला वाढत न्हाई, रुंदीला फुगतं. चाळिशीनंतर आपलं व्हतं तसंच." गिऱ्हाईक चाळिशीच्या पुढचं असलं तर फटीचा विषय तिथंच मिटायचा.

कॉलेजात कुणी न शिकवलेलं पुष्कळ मी त्यांच्यामागे फिरून शिकलो. सागात तेल असतं म्हणून वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. जांभूळ पाण्याखाली कुजत नाही म्हणून जुन्या विहिरींच्या तळाला जांभळाचं कडं सापडतं. आंब्याच्या फळ्या स्वस्त, पण दोन पावसाळ्यांत त्यांना किडा धरतो. निलगिरी सरळ वाढते आणि वाळताना पीळ घेते. "उभं लाकूड घर उचलतं," असं सांगताना ते बल्ली जमिनीत रोवल्यासारखी धरत. "आडवं टाकलं की मंग त्याची गाठ शोधायची. मोडायचं असलं तर तिथंच मोडंल."

आणि ऐन. ऐनाचं नाव काढलं की त्यांचा आवाज बदलायचा. मिस्त्रींचं मूळ गाव डिंभ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. धरण झालं आणि गाव पाण्यात गेलं. पाणी चढायच्या आधी त्यांच्या वडिलांनी घर उतरवलं, वासे-खांब गाडीत घालून खाली आणले. घोड नदीच्या काठी, उसाच्या पट्ट्यात त्यांना जागा मिळाली. तिथं सिमेंटचं घर झालं तसं जुनं लाकूड एकेक करून इकडेतिकडे गेलं. उरले ते ऐनाचे चार खांब. काळपट, खिळा मारला तर खिळाच वाकावा असे. ते पडवीत भिंतीला उभे असत. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की मिस्त्री त्यांनाही हळदकुंकू लावत.

आता त्या इमारतीचं सांगतो.

मंचरजवळ हमरस्त्याला लागून आमच्या ठेकेदाराचं, म्हणजे शेठचं, गाळ्यांचं काम चाललं होतं. पहिला स्लॅब भरायचा होता. लोखंडी जॅक दुसऱ्या साईटवर अडकले होते, म्हणून शेठनं ट्रकभर निलगिरीच्या बल्ल्या पाठवल्या. ताज्या तोडलेल्या. सालीखाली बोट घातलं तर बोट ओलं होत होतं. मिस्त्रींना गालसुद्धा लावावा लागला नाही.

"साहेब, ह्यात पाणी न्हाई, आख्खी नदी हाय," ते म्हणाले. "वल्लं लाकूड निम्मंच वजन घेतं. तेबी वाकून घेतं. वर सिमेंट पडलं की काय करनार?"

मी बाजूला जाऊन शेठला फोन लावला. शेठचा आवाज मुळातच मोठा. "स्लॅब परवा पडलाच पाहिजे," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला जमत नसलं तर दुसरा मिस्त्री बघ. आणि तुला जमत नसलं तर तुलाही बघतो."

मी फोन खिशात टाकला आणि वळलो. जे बोललो ते शब्द न् शब्द आठवतं. "चालतंय मिस्त्री. बल्ल्या जरा दाट लावा." शेठचं नाव मी घेतलं नाही. निर्णय माझाच असल्यासारखा आवाज काढला. नोकरीला लागून सहा महिने झालेल्या माणसाला असा आवाज काढायची हौस असते.

मिस्त्रींनी विचारलं, "तुमी म्हनता?"

"हो, मीच म्हणतो."

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली आणि कामाला लागले.

स्लॅबच्या दिवशी सकाळी ते पिकअपमधून आले. मागे ऐनाचे चार खांब होते. मी विचारलं, "घरची लाकडं का आणली?" ते म्हणाले, "आसू द्या. मोठ्या बीमखाली लावतो." आग्नेय कोपऱ्यातल्या बीमखाली त्यांनी ते चार खांब उभे केले, पाचरी ठोकल्या, प्रत्येकाला थाप मारली. स्लॅब भरताना सेंट्रिंगचा मिस्त्री खाली थांबतो; सैल पडलेली पाचर ठोकतो, वाकणारी बल्ली हेरतो. मिस्त्री त्याच कोपऱ्यात उभे राहिले.

सकाळचे साडेदहा-अकरा वाजले असतील. मी वर होतो. माल पडत होता, मजूर फावड्यानं पसरत होते. एवढ्यात खालून मिस्त्रींचा आवाज आला. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"उतरा! सगळी उतरा! लाकूड बोलाय लागलंय!"

लाकूड मोडण्याआधी करकरतं. लोखंड ते करत नाही आणि सिमेंट तर मुळीच नाही. ती करकर मिस्त्रींना आमच्या आधी ऐकू आली आणि त्यामुळे वरचे नऊच्या नऊ जण वाचले. कुणी परांचीवरून घसरले, कुणी शेजारच्या वाळूच्या ढिगावर उड्या टाकल्या. मीही उडी मारली. मागे वळून बघतो तो स्लॅबचा पश्चिमेकडचा भाग सावकाश, अगदी सावकाश बसल्यासारखा खाली आला आणि मग एकदम सगळं गेलं.

धूळ नव्हती. ओलं सिमेंट होतं, त्यामुळे धूळ उडाली नाही. फक्त मोडलेल्या निलगिरीचा वास आला, सर्दीच्या औषधासारखा. आजही तो वास आला की मी जिथे असेन तिथून उठतो.

मोजलं तर दोघं कमी होते. एक मिस्त्री. दुसरी कमल, डिंभ्याच्या वरच्या वाडीतून भातकापणी झाली की मजुरीला येणारी बाई. पाणी प्यायला म्हणून ती खाली गेली होती.

आम्ही हाका मारल्या. आधी काहीच नाही. मग आतून ठक, ठक, ठक. दगडानं लाकडावर मारल्याचा आवाज. आणि पाठोपाठ मिस्त्रींचा, कोंडलेला आवाज, "दोघं हाये. जेसीबी लावू नका. कोपऱ्यातल्या खांबाला धक्का बसला तर संपलं."

स्लॅब तिरका पडला होता. एक बाजू जमिनीवर आणि आग्नेय कोपरा ऐनाच्या चार खांबांवर अडलेला. त्या कोपऱ्याखाली चार पावलं लांब आणि बसल्यावर डोकं टेकेल इतकी उंच जागा उरली होती. त्यात ती दोघं. कमलचा डावा पाय फळीखाली अडकला होता आणि फळीवरून ओलं सिमेंट ओघळून पायाभोवती साचत होतं. ते घट्ट झालं असतं तर पाय दगडात बसवल्यासारखा झाला असता. मिस्त्री हातानं ते उपसत होते. उपसायचं, बाजूला टाकायचं, पुन्हा उपसायचं. मधूनमधून ते विचारत, "साहेब, किती वाजलं?" घाबरून विचारतात असं मला वाटलं. नंतर कळलं, सिमेंट घट्ट व्हायला किती वेळ उरला याचा ते हिशेब करत होते.

संध्याकाळी पाचपर्यंत ते चाललं. बाहेर आमदारांचा माणूस आला, पोलीस आले, बघ्यांनी रस्ता अडवला. काम मात्र आतल्या माणसाच्या सांगण्यावरून चाललं होतं. "डावीकडची फळी काढू नका, तिच्यावर भार हाय." "वाळलेली बल्ली आना, बाभळीची. हां, उभी करा. पाचर सावकाश." "आता तितलं सिमेंट काढा, हातानं." मी हातानं काढत होतो. हातमोजे कुणी दिले होते, ते कुठे गेले कळलं नाही. ओल्या सिमेंटनं कातडी जळते हे मी पुस्तकात वाचलं होतं. मी काढत होतो आणि रडत होतो, आणि माझ्या रडण्याचा आवाज आत जातोय हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

दोघं जिवंत निघाली. कमलचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मिस्त्रींना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी तसंच लिहिलं.

चार दिवसांनी शेठनं मला बोलावलं. चहा दिला. म्हणाला, "पोलीस जबाब घेणार. लाकूड कुणी निवडलं, तुला माहीत नाही. तू साक्षीदार राहशील. तुला माहीत असलं, तर तू आरोपी होशील. बघ बाबा तुझं तू."

मी जबाबात सांगितलं, लाकूड कुणी निवडलं मला माहीत नाही. सेंट्रिंगचं सगळं मिस्त्री बघत.

मिस्त्रींनी काय सांगावं? शेठनं हुकूम दिला असं सांगायचं तर तो हुकूम कुणाच्या तोंडून आला हे सांगावं लागणार. ते मध्ये उभं असलेलं तोंड माझं होतं. मिस्त्रींनी जबाबात एवढंच लिहून दिलं की टेकू मीच लावले. गुन्हा निष्काळजीपणाचा. शेठ एक नंबरचा आरोपी, मिस्त्री दोन नंबरचा.

आणि ज्या चार खांबांनी दोन जीव वाचवले तेच त्यांच्या गळ्यात आले. शेठच्या वकिलानं पहिल्याच तारखेला मुद्दा काढला. बाकीच्या बल्ल्या कच्च्या आहेत हे मिस्त्रीला माहीत होतं, म्हणून तर त्यानं घरून चांगलं लाकूड आणलं. आणि लावलं कुठे? स्वतः उभा राहणार त्या कोपऱ्यात. ही गोष्ट मंचरच्या बाजारात कांद्याच्या ट्रकांपेक्षा वेगानं फिरली. वखारीतली माणसं मिस्त्री आले की बोलायची थांबायला लागली.

त्यांनी सेंट्रिंग सोडलं आणि फक्त दारं करायला लागले. तेही घराबाहेर, चार बांबूंवर पत्रे टाकलेल्या मांडवात. भिंत एकही नाही. कारण आता त्यांना बंद जागेत बसवत नव्हतं. दार लोटलं गेलं की कुणी काही म्हणायच्या आत ते अंगणात असत.

दारं करणारा माणूस आणि दाराआड थांबू शकत नाही. याचं हसू त्यांना स्वतःलाही येई. नवं दार बसवलं की ते लागतंय का हे बघावं लागतं. ते काम घरमालकाचं. मिस्त्री बाहेर उभे राहून विचारत, "लागली का कडी? घासतंय का कुठं?" आतून "नाही" आलं की ते म्हणत, "मंग उघडा लवकर."

मी शेठची नोकरी सोडली होती. घरांचे नकाशे काढायचं माझं छोटं ऑफिस नारायणगावात झालं होतं; पुढे लग्न झालं, मुलगी झाली. कुणाला दार हवं असलं की मी त्यांचं नाव सुचवत असे. ऑर्डर सांगायच्या निमित्तानं जात असे. ते मला "या साहेब" म्हणत, आपल्या बायकोला, काकूंना, चहा टाकायला सांगत. त्या दिवसाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. काढला असता तर बरं, असं वाटून मी जात असे आणि काढला नाही म्हणून सुटल्यासारखा परत येत असे.

तिथंच मला कमल दोनदा भेटली. मिस्त्रींनी तिला शिवणीच्या लाकडाची कुबडी करून दिली होती; शिवण हलकी असते आणि चिरफाळत नाही. खालचं टोक झिजलं की ती डिंभ्याहून एसटीनं येई, मिस्त्री नवं टोक बसवून देत, काखेखालचा भाग पुन्हा घासून देत. ती त्यांना दादा म्हणे. माझ्याकडे बघून ती मान हलवी. त्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं.

मग बिबट्यांचं वाढलं. आमच्या भागात उसात बिबट्या असणं नवं नाही, पण आता ते दारापर्यंत यायला लागले होते. मिस्त्रींच्या शेजारची शेळी अंगणातून गेली, मग वस्तीवरचं कुत्रं. वनखात्याची गाडी सांगून गेली, दिवस मावळला की कुणी बाहेर झोपायचं नाही, दारं लावून घ्यायची. तोवर मिस्त्री बारा महिने ओट्यावर झोपत. काकू दिवेलागणीला रडायला लागल्या. "आत या म्हनते तर आत येत न्हाई. बाहीर ते जनावर. मी करू काय, भाऊ?" त्यांनी मलाच विचारलं.

मिस्त्रींनी आठवडाभर मांडवात काम करून त्यावर तोड काढली. बाभळीच्या जाड गजांचा एक चौकोनी खोका केला. सगळ्या बाजूंनी वारं येईल, आरपार दिसेल, पण पंजा आत येणार नाही एवढंच अंतर. तो ओट्यावर ठेवला, आत बाज टाकली. कडी आतून, त्यांच्या हाताशी.

तो थेट वनखात्याच्या पिंजऱ्यासारखा दिसायचा. वस्तीवरची पोरंटोरं बघायला यायची. शेजारी म्हणाला, "बिबट्या मोकळा अन् मिस्त्री पिंजऱ्यात!" मिस्त्री आतून म्हणाले, "मोकळा असून त्यो उपाशी हाय. मी जेवलोय." पण मी निघालो तेव्हा गजांना धरून ते बसले होते, आणि मला तिथं जास्त वेळ बघवलं नाही.

कोर्टात त्यांना दर तारखेला जावं लागे. आरोपीला बाहेर थांबता येत नाही आणि मिस्त्रींना आत थांबवत नाही. शेवटी मॅजिस्ट्रेट बाईंनी दाराची एक बाजू उघडी ठेवायला सांगितली. मिस्त्री उंबऱ्यात उभे राहत. अर्धे आत, अर्धे बाहेर. वर्षामागून वर्षं गेली, मॅजिस्ट्रेट तीनदा बदलले. नवे आले की तेवढ्या दाराच्या परवानगीसाठी पुन्हा सगळं सांगावं लागे.

गेल्या वर्षी त्यांचं डोकं दुखायला लागलं, तोल जायला लागला. काकूंचा फोन आला म्हणून मी गाडी घेऊन गेलो. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. मिस्त्रींना टेबलावर झोपवलं, ते पांढरं बोगद्यासारखं मशीन त्यांनी पाहिलं, आणि टेबल सरकायला लागायच्या आत ते उतरले. हॉस्पिटलचा निळा झगा घातलेलाच, ते चालत फाटकाबाहेर गेले. मी मागे धावलो. ते रस्त्याकडेच्या चिंचेखाली बाकावर बसले होते.

"न्हाई जमत साहेब," ते म्हणाले. "लई प्रयत्न केला. आता आत सरकनार म्हनलं की पाय दिसतो कमलचा."

मी त्यांच्याशेजारी बसलो. इतकी वर्षं जे बोललो नव्हतो ते तिथं, भर दुपारी, रसवंतीच्या घुंगरांच्या आवाजात बाहेर पडलं. मी म्हणालो, "मिस्त्री, मी जबाबात खोटं बोललो. लाकूड शेठनं पाठवलं होतं. तुम्ही नको म्हणाला होता. मी लावायला सांगितलं."

"ठावं हाय," ते म्हणाले. "तुमी फोनवर व्हता तवा मी मागंच व्हतो. शेठचा आवाज केवढा."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

त्यांनी झग्याची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "मला यकच गोष्ट कळत न्हाई. ती चार लाकडं मी बीमसाठी लावली का सोतासाठी? लई आठवून बघतो. लावताना मनात काय व्हतं तेच आठवत न्हाई. वकील म्हनतो तसंच असंल तर?"

"कमलला तुम्हीच हाक मारून कोपऱ्यात बोलावलं होतं. तिनं जबाबात सांगितलंय तसं."

"ती नंतरची गोष्ट झाली," ते म्हणाले. "मी लावतानाचं म्हनतोय."

मी म्हणालो, पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे, मी सगळं सांगणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमची पोरगी ल्हान हाय अजून," एवढंच म्हणाले. आणि मग, "रस घ्यू. पोटात काय न्हाई."

आम्ही रस प्यायलो. तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे गेली. दिवाळीनंतर एका सकाळी काकूंचा फोन आला. मिस्त्री मांडवात काम करता करता खाली बसले, ते उठलेच नाहीत. डोक्यातली शीर फुटली असावी असं डॉक्टर म्हणाले. मशीनमध्ये गेले असते तर आधी कळलं असतं, असंही म्हणाले.

माझी साक्ष झाली ती त्यानंतर दोन महिन्यांनी. नाव पुकारायच्या आधी कारकुनानं वाचलं, "आरोपी क्रमांक दोन मयत. त्याच्यापुरता खटला संपला." हे वाचायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढाच मला आता लिहायला लागला. कोर्टाचं दार त्या दिवशी पूर्ण बंद होतं.

मी सगळं सांगितलं. ओल्या बल्ल्या, फोन, शेठचे शब्द आणि माझे शब्द. शेठचा वकील उठला. त्यानं एकच विचारलं, "मिस्त्री जिवंत असताना हे का सांगितलं नाहीत?" मॅजिस्ट्रेटनी लिहायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. "साक्षीदार निरुत्तर," असं त्यांनी लिहून घेतलं. माझा वकील बाहेर म्हणाला, आता शेठकडचे तुम्हालाही आरोपी करायला सांगू शकतात. निकाल अजून लागलेला नाही.

बाहेर व्हरांड्यात कमल बसली होती. तिचीही साक्ष होती, पण वेळ संपली म्हणून पुढची तारीख मिळाली होती. मी तिच्यापासून थोडं अंतर ठेवून बाकावर बसलो. मग तीच बोलली, समोर बघत.

"आत व्हतो ना आमी, तवा तुमचा रडायचा आवाज येत व्हता. दादा म्हनले, तो पोरगा हातानं सिमेंट उपसतोय बघ. उद्या पोलीस इचारतील. त्याचं नाव आपन घ्यायचं न्हाई. मला तितंच शपथ घातली त्यांनी. माझा पाय त्या फळीखाली, अन् मला शपथ घालत्यात." ती थांबली. "दादा गेले. म्हनून आज तुमाला सांगितलं."

मला वाटलं, आता ती आणखी काहीतरी म्हणेल. तुम्ही बोललात ते बरं झालं, असं काहीतरी. मी वाट बघत राहिलो. तिनं पदरानं चेहरा पुसला, पिशवी उचलली. फाटकाबाहेर डिंभ्याची गाडी येऊन लागली होती. ती गाडी गेली की पुढची कधी, याचा कुणालाच नेम नसतो.

ती घाईनं निघाली. गाडीच्या पायरीपाशी मी हात पुढे केला. तिनं तो धरला नाही. दांड्याला धरून, एका पायावर जोर देऊन ती स्वतःच वर चढली. कंडक्टरनं बेल मारली. ती खिडकीपाशी बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि गाडी वळेपर्यंत मी जिथं उभा होतो तिकडे तिनं बघितलं नाही.